खिळ्याला किल्ली होती

"गाडी कुठाय रे?" हा प्रश्न आपल्या हॉस्टेलवर दिवसातून किती वेळा ऐकू येतो, याची मोजदाद कुणीतरी एकदा मिनी प्रोजेक्ट म्हणून करायला हरकत नाही. हॉस्टेलवरची गाडी नावाला एकाची असते. आरसी बुकात एकाचं नाव, पेट्रोल टाकणारा दुसरा, पंक्चर काढणारा तिसरा आणि चालवायला अख्खा मजला! आमच्या रूमच्या दारामागे एक खिळा आहे. माझ्या स्प्लेंडरची किल्ली तिथे लटकलेली असायची. ज्याला गाडी हवी त्याने किल्ली काढावी, काम झालं की परत लावावी, इतका साधा कारभार. विचारणं वगैरे भानगड नव्हती. "विचारायचं काय त्यात, गाडी आपलीच आहे," हे वाक्य मी स्वतः कितीदा तरी तोंड भरून म्हटलेलं आहे.

त्यामुळे २०२५ च्या जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी कंपाउंडच्या भिंतीलगत माझी गाडी दिसली नाही, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. कुणीतरी नेली असेल. चालत कॉलेजला गेलो. दोन लेक्चर झाली, एक प्रॅक्टिकल झालं. कॅन्टीनमध्ये शेजारच्या रूममधला सिव्हिलवाला भेटला. त्याला म्हटलं, "गाडी तू नेलीस का?" तो म्हणाला, "छे, ईटीसीवाला गेला असेल प्रिंटआऊट काढायला." ईटीसीवाला म्हणाला, "मी तर आत्ता उठलोय." तरी मी निवांत. मजल्यावर अठ्ठावीस पोरं आहेत, एवढ्यात कशाला चौकशी करायची.

दुपारी दोनला रूमवर आलो. दार लोटलं, शर्ट अडकवायला हात वर केला, आणि खिळ्याला किल्ली होती.

किल्ली जागेवर आणि गाडी नाही. खरं तर दोन ओळींचं गणित, पण मला ते सुटायला चांगली दोन मिनिटं लागली. मग अनवाणीच खाली पळालो. भिंतीलगत तेलाचा एक काळा डाग होता, जिथे माझी गाडी रोज थोडं थोडं इंजिन ऑईल गाळायची. बाकी काही नाही.

आता गाडीविषयी. आमचं गाव तासगाव तालुक्यात. तीन एकर द्राक्षबाग. २०१७ साली बेदाण्याची पट्टी बरी आली, तेव्हा दसऱ्याला अण्णांनी ही स्प्लेंडर घेतली. काळी, निळे पट्टे, एमएच १०. घरात आलेली पहिली नवी गाडी. त्याआधीची सगळी वाहनं कुणाची ना कुणाची जुनी. आईने चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला झेंडूची माळ घातली, आणि अण्णा आठ दिवस सीटवरचं प्लॅस्टिक काढू देत नव्हते. पुढे सेकंड इयरला मी रडगाणं लावलं की पुण्यात बसने जीव जातो, इंटर्नशिप मिळाली तर जाणार कसा, वगैरे. अण्णांनी काही न बोलता गाडीची सर्व्हिसिंग करून आणली आणि मी कराड, सातारा, खंबाटकी करत ती पुण्याला आणली. तेव्हापासून अण्णा बागेत एका जुन्या टीव्हीएस एक्सएलवर जातात, मागे औषधाचे डबे बांधून. ही गोष्ट मला तेव्हा फारशी टोचली नव्हती, हेही सांगून टाकतो.

गाडी वापरायची अक्कल मला होती, राखायची नव्हती. हँडल लॉक गेल्या पावसाळ्यापासून जाम झालं होतं. किल्ली आत जायची पण फिरायची नाही. मेकॅनिककडे गेलो असतो तर दहा मिनिटांचं काम होतं. हॉस्टेलच्या आत गाडी लावायला ऑफिसमधून स्टिकर घ्यावा लागतो, त्याला आरसीची झेरॉक्स आणि एक फोटो लागतो. तो फोटो मी चार महिने काढत होतो! म्हणून गाडी बाहेर, भिंतीलगत. तिथे कॅमेरा आहे. पण तो मेसच्या गेटकडे बघतो. मेसमधून चपात्या कोण चोरतो ते त्यात स्वच्छ दिसतं.

पोलीस स्टेशनात हवालदारसाहेब शांत होते. त्यांनी इंजिन नंबर आणि चासी नंबर विचारला. दोन्ही पाठ नव्हते. आरसी कुठाय? गाडीच्या साईड पॅनेलच्या आत. म्हणजे चोराला गाडीबरोबर मालकीचा पुरावाही मीच दिला होता! आरसी आणि विम्याचे कागद मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहनवर दाखवले तर चालतात, हे केंद्र सरकारने २०१८ सालीच सांगितलेलं आहे. मूळ कागद घेऊन फिरायची काहीही गरज नव्हती. शेवटी त्याच मोबाईलवरून नंबर काढून दिले.

मग त्यांनी विचारलं, "हँडल लॉक केलं होतं?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी लिहून घेतलं. फिर्यादीची भाषा आपण वर्तमानपत्रात वाचतो तशीच असते. 'हँडल लॉक करून उभी केलेली मोटारसायकल कोणीतरी अज्ञात चोरट्याने लबाडीच्या इराद्याने चोरून नेली' वगैरे. कलमाच्या जागी त्यांनी सवयीने ३७९ लिहिलं, मग खोडून भारतीय न्याय संहितेचं ३०३ केलं. "जुलैपासून बदललंय, हाताला अजून वळण नाही," असं म्हणून हसले. मी पण हसलो. सही केली. एवढ्या मोठ्या वाक्यात खोटे शब्द तीनच होते, 'हँडल लॉक करून', आणि तेवढेच माझे होते.

रात्री अण्णांना फोन केला. मला वाटलं होतं ओरडतील. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तू बरा हाईस न्हवं? जाऊ दे मग. विमा फुल्ल हाय की. सप्टेंबरात पैसं धाडलं हुतं तुला. कंपनी देईल काहीतरी, काळजी करू नगंस."

आणि इथे माझी खरी गोष्ट सुरू होते.

अण्णांनी सप्टेंबर २०२४ मध्ये मला १७५० रुपये पाठवले होते, पूर्ण विम्यासाठी. मी ऑनलाईन बघितलं तर नुसता थर्ड पार्टी विमा ८४३ रुपयांत होत होता. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. आपली गाडी चोरीला गेली तर त्यात आपल्याला एक रुपयाही मिळत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण पोलिसाने पकडलं तर दाखवायला कागद पाहिजे, तो थर्ड पार्टीनेही मिळतो, असा हिशोब केला. उरलेल्या ९०७ रुपयांत आम्ही चौघांनी बिर्याणी खाल्ली. वर दोन थम्सअप. बिर्याणी चांगली होती, एवढंच तिच्या बाजूने बोलता येईल. पूर्ण विम्यात गाडीची किंमत २८ हजार धरलेली होती.

त्या रात्री मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हो अण्णा, बघतो मी कंपनीचं." मग दर चार दिवसांनी फोन यायचा, "काय म्हणतीया कंपनी?" आणि मी म्हणायचो, "काम चालू आहे." एक खोटं बोललं की त्याला सांभाळायला रोज थोडं थोडं घालावं लागतं. इंजिन ऑईल गळतं तसंच.

एकदा अण्णांनी गावातल्या विमा एजंटला विचारलं. त्याने बरोबर सांगितलं, की चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एकच किल्ली दिली तर शंका घेतात, की दुसरी किल्ली घेऊन मालकानेच तर गाडी गायब केली नाही ना? झालं! फेब्रुवारीत, ऐन द्राक्षं उतरायच्या दिवसांत, बाग आईवर आणि मजुरांवर सोपवून अण्णा रात्रीच्या एसटीने पुण्याला निघाले. मला फोन पहाटे स्वारगेटवर उतरल्यावर. "दुसरी किल्ली घिऊन आलोय. कंपनीचं हापिस किती वाजता उघडतंय?"

स्वारगेटला पहाटे पाचला जी गर्दी असते त्यात अण्णा एका बाकावर बसले होते. धोतर-टोपी नाही, पण पिशवी तीच, खताच्या कंपनीची. चहा घेतला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यात कागदाची पुडी, त्यात किल्ली. २०१७ पासून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेली. एकदाही न वापरलेली. हळदीचा डाग होता तिला. मी माझी किल्ली काढली आणि दोन्ही शेजारी धरल्या. आम्ही मेकॅनिकलवाले 'वेअर' नावाचा धडा शिकतो, पण इतकं सोपं उदाहरण पुस्तकात नाही. नव्या किल्लीचे दाते टोकदार होते. माझ्या किल्लीचे झिजून गुळगुळीत झाले होते, जवळजवळ खिळाच. अण्णा म्हणाले, "ही एवढी कशानं झिजली रं?"

"अठ्ठावीस जण वापरायचे, अण्णा."

आणि मग त्याच दमात सगळं सांगितलं. थर्ड पार्टी, ८४३, बिर्याणी, हँडल लॉक. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर विचारलं, "म्हंजी कंपनी काय देणार न्हाई."

"नाही."

"किती वाचवलंतास?"

"नऊशे सात."

त्यांनी चहा संपवला. किल्ली परत पुडीत, पुडी रुमालात, रुमाल खिशात. मग म्हणाले, "मला रातभर शीट मिळाली न्हवती." एवढंच. मला वाटलं, दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लगेच परत जाणार होते, पण म्हणाले, "गाडी कुठं लावत हुतास ते दाव." हॉस्टेलवर आलो. तेलाचा डाग अजून होता. अण्णांनी भिंत बघितली, रस्ता बघितला, वरचा बंद दिवा बघितला. तिथून सहा पावलांवर लोखंडी खांब आहे. त्याला हात लावून हलवून बघितला. "ह्यो खांब हुता की. ह्येला बांधायची."

"अण्णा, तो नो पार्किंगच्या बोर्डाचा खांब आहे."

ते पहिल्यांदा हसले. मग म्हणाले, "जनावर कवा मोकळं सोडतो का आपण रातीचं? कुत्रं राखणीला असलं तरी बी दावं लागतंय." दुपारच्या गाडीने ते परत गेले. मला पाचशे रुपये देऊन गेले, मेसच्या बिलाला.

ह्यानंतर मी अभ्यासाला लागलो, म्हणजे कुलपांच्या. मंडईजवळ फुटपाथवर किल्ल्या बनवणारे एक चाचा बसतात. त्यांना माझी झिजलेली किल्ली दाखवली. त्यांनी ती भिंगाखाली धरून एवढंच म्हटलं, "बेटा, कुलूपही इतकंच झिजलं असणार. मग त्याला तुझी किल्ली काय आणि दुसऱ्याची काय." कंपनीच्या लॉकला ते दाराची कडी म्हणतात. कुत्रं आत येऊ नये म्हणून असते, माणसासाठी नसते. हँडल लॉक जोराने हिसडा दिला तरी तुटतं, पण तरीही ते लावायचंच, कारण चोराला मोकळं हँडल पहिल्यांदा दिसतं. कुलूप जाम झालं तर त्यात तेल ओतायचं नाही, तेलावर धूळ बसते आणि आणखी जाम होतं. ग्रॅफाईटची पूड घालायची. आणि स्प्लेंडरच का? कारण ती गल्लोगल्ली आहे. जी गाडी सगळ्यांकडे आहे तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि तिचे सुटे भाग कुठल्याही गावात खपतात. आपण समजतो भारीतली गाडी चोरीला जाते, आपली कोण नेतोय? चोराचा हिशोब आपल्यापेक्षा पक्का असतो.

तोपर्यंत आमच्या मजल्यावर जागृतीची लाट आली होती. (हॉस्टेलवर जागृती दोनदाच येते. एकदा कुणाची वस्तू चोरीला गेल्यावर आणि एकदा सबमिशनच्या आदल्या रात्री.) सिव्हिलवाल्याने त्याच्या पल्सरला डिस्क लॉक आणलं. उत्तम वस्तू, खिशात मावते. पण पहिल्याच दिवशी ते काढायचं विसरला, गिअर टाकला आणि गेटवर दोन फुटांत आडवा झाला. आता त्याने लॉकपासून हँडलपर्यंत पिवळी नाडी बांधली आहे, आठवणीसाठी. माझ्या गाडीला तर पुढे-मागे ड्रम ब्रेक, म्हणजे डिस्क लॉकचा प्रश्नच मिटला. अशा गाडीला साखळीच. तीही कशी बांधायची हे एक शास्त्र आहे. नुसत्या पुढच्या चाकातून घातली तर चाक ठेवून बाकीची गाडी नेता येते, म्हणून मागच्या चाकातून आणि चासीतून घेऊन हलणार नाही अशा कशाला तरी अडकवायची. साखळी जमिनीवर लोळू द्यायची नाही, कारण जमिनीवर टेकलेल्या साखळीवर हातोडा नीट बसतो. कुलपाचं तोंड खाली. एकाच जातीची दोन कुलपं लावण्यापेक्षा दोन जातींची एकेक बरी, कारण चोराकडे बहुतेक एकाच कामाचं हत्यार असतं.

ईटीसीवाल्याने मात्र थेट डिपार्टमेंटची अब्रू पणाला लावली. साठ रुपयांचं छोटं बटण आणून इग्निशनच्या वायरमध्ये सीटखाली लपवून बसवलं. ते बंद असलं की किक मारून पाय तुटला तरी गाडी चालू होत नाही. पुढच्याच आठवड्यात पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जाताना तो स्वतःच ते विसरला आणि अर्धा तास किक मारून घामाघूम झाला. शेवटी मेकॅनिकला बोलावलं, त्याने सीट उचलली आणि बटण दाबलं. शंभर रुपये! तरी सांगतो, कल्पना चांगली आहे. फक्त वायरिंग आपण जोडू नये, जाणत्या माणसाकडून करून घ्यावं. जीपीएसचा डबा एकाने बसवला आहे, तोही चालतो, पण त्याचं सिम रिचार्ज करावं लागतं आणि सुट्टीत महिनाभर गाडी उभी राहिली तर तो हळूहळू बॅटरी पितो. अलार्मविषयी न बोललेलं बरं. मांजर बसलं तरी वाजतो, आणि तिसऱ्या रात्रीनंतर अलार्म वाजला की मजल्यावरचा कुणी उठत नाही, फक्त शिव्या देतो.

बाहेर गाडी लावताना मी आता एक गोष्ट बघतो. आपण किती वेळ येणार नाही हे चोराला कुठे कळतं? परीक्षा केंद्रावर, सिनेमाला, लग्नाच्या हॉलवर. तिथे तीन तास नक्की. बँकेपुढे पाच मिनिटं किंवा एक तास, काही सांगता येत नाही. म्हणून जिथे आपली वेळ ठरलेली आहे तिथे पैसे देऊन पार्किंगमध्येच लावावी, आणि पावतीवर गाडीचा नंबर लिहिलाय का बघावं. 'वाहने मालकाच्या जबाबदारीवर' हा बोर्ड सगळीकडे असतो, पण तो नेहमीच चालतो असंही नाही. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलातून १९९८ साली एक मोटार चोरीला गेली होती. हॉटेलच्या माणसाने किल्ली घेऊन ती स्वतः लावलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निकाल दिला, की एकदा गाडी ताब्यात घेतल्यावर तसली ओळ पावतीवर छापून हॉटेलला निष्काळजीपणातून हात झटकता येणार नाहीत. निकाल यायला एकवीस वर्षं लागली, हा भाग वेगळा.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी अण्णांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा वर. "आरं, मला दंड आलाय! हेल्मेट न्हाई म्हून!"

गाडी अजून त्यांच्या नावावर, मोबाईल नंबर त्यांचा, त्यामुळे ई-चलनाचा मेसेज त्यांना. मी लिंक उघडली. वाघोलीजवळच्या एका चौकातला फोटो. मागून काढलेला. एमएच १०, आमचा नंबर, तसाच! पुढे एक माणूस, मध्ये लहान पोरगं, मागे पदर घेतलेली बाई. गाडीला दोन्ही बाजूंनी लोखंडी आकडे बसवलेले, दुधाच्या किटल्या अडकवायचे. मी फोटोकडे बघून अशा काही शिव्या दिल्या की रूममधले सगळे जमा झाले. आमच्या गाडीवर सहकुटुंब फिरतोय, आणि दंड आमच्या अण्णांना!

चलन आणि एफआयआरची प्रत घेऊन पोलीस स्टेशनला गेलो. पुढचं सगळं काम त्यांचं. महिनाभराने, माझ्या एण्ड सेमच्या मधल्या सुट्टीत फोन आला, गाडी मिळाली, येऊन ओळख पटवा. अण्णाही आले.

गाडी आवारात उभी होती. खरं सांगतो, मी आधी ओळखलीच नाही. स्वच्छ पुसलेली. चेन सेट नवा. तेल गळत नव्हतं. आणि हवालदारसाहेबांनी किल्ली फिरवून दाखवली, तर हँडल लॉक खटकन लागलं.

बाकावर फोटोतला माणूस बसला होता. तिशीचा असेल. बाहेरगावाहून येऊन एका गोठ्यावर कामाला लागलेला. 'ओळखीच्याच्या ओळखीचा' एक जण भेटला, ११ हजारात गाडी, कागद आठ दिवसांत देतो म्हणाला. आठ दिवसांनी त्याचा फोन बंद. ह्याने मालकाकडून उचल घेऊन पैसे दिले होते. तो साहेबांना पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "चोरीची हाय म्हून ठावं असतं तर म्या नंबर तसाच ठिवला असता का साहेब?" साहेब म्हणाले, "ते कोर्टात सांग."

त्याचं म्हणणं खरं की खोटं, ते कोर्ट ठरवील. चोरीची वस्तू आहे हे माहीत असून घेणं हाही गुन्हाच आहे. मला फक्त एवढं वाटलं, की आपल्या हॉस्टेलवर दरवर्षी जूनमध्ये सीनियर्सच्या, आणि सीनियर्सच्या मित्रांच्या, आणि त्या मित्रांच्या मित्रांच्या गाड्या विकायला निघतात. आपण काय बघतो? ॲव्हरेज आणि सायलेन्सरचा आवाज. चासीवर कोरलेला नंबर आरसीशी जुळतो का, मालक स्वतः फॉर्म २९ आणि ३० वर सही करतोय का, हे बघणारा मला अजून भेटायचाय. त्या बाकावर आपल्यातला कुणीही बसलेला असता.

मुद्देमालाच्या यादीत साखळी होती. जाड, निळ्या रबराच्या नळीत घातलेली. गोठ्यावर रोज रात्री तो गाडी कडुलिंबाला त्या साखळीने बांधायचा, असं त्याने सांगितलं. "पन्नास म्हशी हायत तितं, गाडी कोन बघनार?" असं म्हणून त्याने कमरेच्या करगोट्याला अडकवलेली छोटी किल्ली काढून टेबलावर ठेवली.

त्याच्याकडे गाडी चार महिने होती आणि तो साखळीची किल्ली कमरेला बांधून झोपायचा. माझ्याकडे ती दीड वर्ष होती.

गाडी हातात यायला कोर्टाचा आदेश आणि सुपूर्तनामा लागला, त्यात आणखी तीन आठवडे गेले. ती ताब्यात घेतली त्या दिवशी तो माणूसही तारखेसाठी कोर्टात आला होता. साखळी त्याचीच, त्याला परत मिळालेली. अण्णा त्याच्याकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. लांबून एवढंच दिसलं, की अण्णांनी पाचशेची नोट काढली, त्याने आधी हात मागे घेतला, मग नोट घेतली आणि साखळी अण्णांच्या हातात दिली.

"इकत घेतली," अण्णा म्हणाले. "चांगली हाय."

गाडीचे आकडे आम्ही काढले नाहीत. गावाकडे औषधाच्या डब्यांना उपयोगी पडतील म्हणून अण्णांनी गाडी परत नेली. सोप्यात जमिनीत सिमेंटमध्ये एक लोखंडी कडी बसवली आहे, गोठ्यात असते तशी, आणि रात्री गाडी तिला बांधतात. २०१९ च्या आधीची गाडी म्हणून हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही बसवून घेतली, ती एकदा बसली की तोडल्याशिवाय निघत नाही. विमा पूर्ण. तो या वर्षी अण्णांनी स्वतः जाऊन काढला, मला पैसे पाठवले नाहीत. बरोबरच आहे.

मला त्यांनी दिवाळीनंतर एक्सएल दिली. रंग उडालेली, मागे औषधाचा वास येणारी. आत लावायचा स्टिकर त्याच दिवशी काढला, फोटोसकट. ती शेडच्या तिसऱ्या खांबाला निळ्या साखळीने बांधलेली असते. दारामागच्या खिळ्याला आता टॉवेल असतो. कुणाला गाडी हवी असेल तर दार वाजवून मागावी, मी स्वतः येऊन साखळी सोडून देतो. पेट्रोल आणि हेल्मेट ज्याचं त्याने आणावं.

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)